फणसावरची पांढरी कीड आणि माझे पाय

आमच्या घरात कुणी नवीन झाड आणलं की मी आधी त्याचं पान उलटं करून बघते. मग देठाची बेचकी, मग कुंडीची कड. परवा नातसुनेनं बाजारातून शोभेचं एक झाड आणलं. ते मी दारातच अडवलं आणि चष्मा लावून तपासत बसले. ती म्हणाली, "आजी, मी आले तेव्हा माझीसुद्धा अशीच तपासणी केली होती का?" मी म्हटलं, "नाही गे बाई. सुनेला आम्ही उलटंसुलटं करून बघत नाही. पाय तर मुळीच बघत नाही." यातलं पायांचं काय ते तिला कळलं नाही. तिच्यासाठी हे लिहिते आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आगाशीच्या बाजारातली मी मुलगी, बोळिंजच्या एका वाडीत सून म्हणून आले. अंतर म्हणाल तर बैलगाडीत विडा तोंडात घालावा आणि तो संपायच्या आत उतरावं, एवढंच. पण माहेरी झाड म्हणजे दारातली तुळस, आणि सासरी नजर जाईल तिथवर केळी, पानवेली, नारळ, चाफा. मी सातवी पास होते. कुणी विचारलं नाही तरी ते सांगत असे. केळीला फांद्या का फुटत नाहीत, असं मी पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना विचारलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा केळीकडे बघितलं आणि ते रहाटाकडे निघून गेले.

घराच्या मागच्या अंगाला बावखल होतं, म्हणजे पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं लहानसं तळं. त्याच्या काठावर धुण्याचा दगड आणि दगडावर सावली धरणारा एक जुना फणस. या फणसाची गोष्ट मला लग्न ठरल्यापासून इतक्यांदा ऐकवली गेली होती की ती मला पाठ झाली होती. सासूबाई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा हा फणस वांझ होता. वर्षानुवर्षं नुसती पानं. आणि त्या आल्या त्याच वर्षी त्याला कुयऱ्या, म्हणजे भाजीचे कोवळे फणस, धरल्या. तेव्हापासून गावात कुणाच्या पायगुणाची गोष्ट निघाली की आमच्या सासूबाईंचं उदाहरण. या गोष्टीला साक्षीदारही होत्या, आमच्या आत्येसासूबाई, म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. त्या वर्षी त्या लहान होत्या आणि त्यांनी त्या कुयरीची भाजी स्वतः खाल्ली होती. त्या मुंबईला दिल्या होत्या, पण दर चैत्रात भाजीला म्हणून माहेरी यायच्या आणि जेवता जेवता ती गोष्ट पुन्हा सांगायच्या.

आत्येसासूबाईंची जीभ मोठी. माझ्याच लग्नात, मी मांडवात डोकं खाली घालून बसलेली असताना, त्या शेजारणीला गावातल्या दुसऱ्या एका सुनेबद्दल सांगत होत्या. ती आली आणि महिन्याच्या आत त्या घरची गाय मेली. "पांढऱ्या पायाची निघाली," आत्येसासूबाई म्हणाल्या, आणि पुढच्याच दमाला त्यांनी लाडू मागितला. त्या मुलीला मी पुढे बघितलं. विहिरीवर बायका तिच्याशी बोलत नसत असं नाही, बोलत, पण तिची घागर भरून झाली की मग आपली पुढे करत.

इतकं सांगते, कारण पुढचं सगळं त्या दोन शब्दांच्या भीतीनं घडलं. मला जगात एवढंच नको होतं, की माझ्याबद्दल कुणी ते दोन शब्द म्हणावेत.

पौषात एका सकाळी मी दगडावर धुणं आपटत होते. मान वर केली तर फणसाच्या खालच्या फांदीच्या पोटाशी कापूस चिकटलेला दिसला. कुठल्या तरी सावरीचा उडून आला असेल म्हटलं. नखानं एक बोंड काढून तळहातावर घेतलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं, पांढरं शुभ्र, कडेनं बारीक झालर. फार सुरेख दिसत होतं. मग कापूस चालायला लागला.

घाबरायचं सोडून मी हसले. पदर खोचून धावत घरात गेले आणि सगळ्यांच्या आधी ही बातमी सांगायचा मान मीच पटकावला. "आई, आपल्या फणसाला कापूस लागलाय, आणि तो चालतो." सासूबाई विळीवरून उठल्या. झाडाखाली जाऊन त्यांनी फांदी वाकवली, एक कीड चिमटीत धरून दाबली. वरून पांढरी, आत शेंदरी. बोटं मातीला पुसली. त्यांना माडाचा भुंगा माहीत होता, वाळवी माहीत होती, आंब्याच्या खोडातली अळी माहीत होती. "हे आपल्याकडचं नाही," त्या म्हणाल्या. "कधीपासून आहे हे?"

प्रश्न साधा होता. पण सातवी पास सुनेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कधीपासून? मी आल्यापासून. मार्गशीर्षात मी आले, पौषात हे. आणि बातमी देणारीही मीच, तीही हसत हसत. एवढ्या सगळ्या वाडीत माणसं होती, गडी होते, कावळे होते. कुणालाही आधी दिसलं असतं.

आमच्या घरची बोली वेगळी आहे. तिच्यात हा प्रश्न अजून तोकडा होता आणि जास्त झोंबला. इथे सगळ्यांच्या तोंडी मी शाळेतली भाषा घालते आहे. सासूबाई वरून हसत असतील.

माघात कीड खालच्या फांदीवरून वर गेली. पानांवर चिकट पाणी पडायला लागलं, घामासारखं. त्या चिकटावर काजळी धरली, आणि बघता बघता अर्धा फणस चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा काळा झाला. वरून पांढरी कीड झडत राहायची. खाली मुंग्यांच्या रांगा. ज्या दोन-चार कुयऱ्या धरल्या होत्या त्या अंगठ्याएवढ्या होऊन काळ्या पडल्या आणि गळल्या. प्रत्येक कुयरी गळली की मला तिचा आवाज घरात ऐकू यायचा. आता हे खोटं आहे, अंगठ्याएवढ्या कुयरीचा कसला आवाज. पण तेव्हा यायचा.

सासूबाई काही म्हणत नव्हत्या. त्या शिव्या देणाऱ्या असत्या तर मी सुखानं झोपले असते. त्या भाकऱ्या थापायच्या, देवाला फूल वाहायच्या, मला न्हाऊ घालायच्या, आणि फणसाबद्दल चकार शब्द नाही. त्या शब्द तोलून ठेवताहेत, असं मला वाटायचं. आमचे हे सकाळी मुंबईला कामावर जात ते दिवेलागणीला परत. त्यांना एकदा विचारलं, झाडाचं काय होईल हो? ते म्हणाले, झाडाचं काय, झाड आहे. नवरा या प्राण्याकडून मी तेव्हापासून फारशी माहिती मागितली नाही.

मग मी स्वतः शोध लावला. लग्नात माहेराहून मी गुलाबाची एक फांदी आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. ती मोरीच्या पाण्यावर लावली होती आणि तिला नुकती पालवी फुटली होती. दुसरं काय असणार? माझ्याबरोबर आलेलं झाड म्हणजे हेच. एका दुपारी सगळे आडवे झाले असताना मी तो गुलाब मुळासकट उपटला आणि बंबात घातला. घालता घालता एकेक पान उलटून बघितलं. एकही कीड नव्हती. स्वच्छ, कोवळं, लालसर पान. बिचाऱ्याला मी आधी फाशी दिली आणि मग साक्ष काढली. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, गुलाब कुठे गेला? मी म्हटलं, बोकडानं खाल्ला. आमच्याकडे बोकड नव्हता. सासूबाई "असं का" म्हणाल्या आणि वाती वळत राहिल्या.

आता पायांचं सांगते.

झाडाखालची माती त्या चिकट पाण्यानं गुळासारखी झाली होती आणि तिच्यावर किडीच्या अंगावरचं पांढरं मेण झडून पडलेलं. एके सकाळी मी धुणं पिळून मागच्या दारानं आत आले, वाळत घालायची काठी घ्यायला वळले, आणि बघते तर काय. सासूबाईंनी पहाटेच शेणानं सारवलेली जमीन, हिरवट काळी, अजून ओलसर, आणि तिच्यावर मागच्या दारापासून देवघरापर्यंत माझी पावलं. पांढरी. रांगोळीनं गौरीची काढावीत तशी, बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट.

मी पाय उचलून तळवा बघितला. तोही पांढरा.

लहानपणापासून तो शब्द ऐकला होता, पण पाय खरंच पांढरे होत असतील असं कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं. मी गुडघ्यावर बसले आणि ओल्या लुगड्याच्या पदरानं एकेक पाऊल पुसत पुढे पुढे सरकले, म्हणजे पुसत होते तिथेच पुन्हा उमटवत होते. हे ध्यानात यायला मला देवघरापासून दारापर्यंत यावं लागलं.

त्या दिवसापासून माझे हाल कुत्रं खाईना. वजरीनं घासून घासून टाचा सोलल्या. तळव्यांना मेंदी लावली, म्हणजे पाय निदान लाल तरी दिसावेत. त्या घरात मेंदी श्रावणाशिवाय कुणी लावत नसे, तेव्हा सासूबाईंना सांगितलं, उष्णता झाली आहे. माघाच्या थंडीत. मग मी चवड्यांवर चालायला लागले. धुण्याहून आले की भिंतीच्या कडेकडेनं, चोरासारखी, चवड्यांवर. दोन दिवसांत सासूबाईंनी विचारलं, "पायात काटा गेलाय का?"

नाही म्हणाले असते तर मग असं का चालतेस, हे आलं असतं. मी हो म्हटलं.

त्यांनी मला ओटीवर बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला, दिवा जवळ ओढला. नव्या सुनेचा पाय सासूनं मांडीवर घ्यायचा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तळवा बोटानं चाचपत होत्या. बोटांच्या बेचक्यात पांढरं मेण साचलेलं होतं. घासलं तरी तिथलं निघालं नव्हतं. त्यांचं बोट तिथे थांबलं. मी डोळे मिटून घेतले आणि त्या दोन शब्दांची वाट बघितली. त्या उठल्या, बिब्बा घेऊन आल्या, सुईला टोचून दिव्यावर धरला आणि नसलेल्या काट्यावर असा चटका दिला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता निघेल," त्या म्हणाल्या. पांढऱ्या पायावर आता काळा डागही पडला.

दरम्यान कुंपणापलीकडे बोभाटा झाला. पलीकडची वाडी ख्रिस्ती कुटुंबाची. तिथल्या मावशी आणि आमच्या सासूबाई कुंपणाला मधे ठेवून रोज बोलायच्या, आणि त्या भेंडीच्या झाडांच्या दाट कुंपणाला एक भोक होतं, त्यातून ताक, विरजण, भाजी, पाव, सगळं ये-जा करायचं. मावशींच्या पेरूला कीड लागली आणि मग त्यांच्या सोनचाफ्याला. त्या चाफ्यावर त्यांचा जीव. सणाला वेदीवर त्याचीच फुलं जायची.

हे ऐकून मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. कीड दोन घरांत आहे म्हणजे ती माझी नाही. मी देवापुढे साखर ठेवली. शेजारणीचा चाफा काळा पडतोय म्हणून देवाला साखर दाखवणारी सून आमच्या गावात तेव्हा मी एकटीच असेन. पण रात्री पडल्या पडल्या दुसरी बाजू सुचली. कीड आधी आमच्याकडे आली, मग त्यांच्याकडे गेली. म्हणजे आता मी दोन घरांना पांढऱ्या पायाची. पहाटे उठून ती साखर मी मुंग्यांना घातली.

उपाय सगळे झाले. राख मारली, तंबाखूचं पाणी मारलं, साबणाच्या पाण्यात रेशनचं राकेल घुसळून सोडणानं, म्हणजे नारळाच्या सालीनं, खोड घासलं. आमच्याकडे नारळ फोडला, मावशींच्या चर्चमधल्या फादरनी येऊन वाडीवर प्रार्थना म्हटली. किडीनं दोन्ही धर्मांचा मान राखून आपलं काम चालू ठेवलं. सासरे शेवटी जेवताना म्हणाले, चैत्र सरला की तोडू, नाहीतर माडांवर जाईल. सासूबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. झाड तुटणार, तेही मी आल्याच्या पहिल्या वर्षी. आणि चैत्रात आत्येसासूबाई येणार.

फाल्गुनात मला मुळाचा शोध लागला, आणि तो लागला नसता तर बरं असं वाटलं.

लग्नाच्या मांडवाला शोभा यावी म्हणून क्रोटनच्या दोन कुंड्या आल्या होत्या. पिवळी-तांबडी पानं, गावात कुणी बघितली नव्हती अशी. मांडव उतरल्यावर ऊन लागू नये म्हणून सासूबाईंनी त्या फणसाच्या सावलीत नेऊन ठेवल्या. त्यांच्यावर कीड दिसायची, पण सगळ्यांना वाटायचं, वरून झडून पडली असेल. त्या दुपारी मी धुण्याच्या दगडावर तोंड पाडून बसले होते आणि रिकाम्या हातानं एक क्रोटनचं पान उलटं केलं. खाली जिवंत किडी थोड्या होत्या. पण त्यांच्या खाली वाळलेल्या काती होत्या, थरावर थर, पिवळ्या पडलेल्या, दोऱ्यासारख्या गुंतलेल्या. देठाच्या बेचक्यात, बुंध्याशी, कुंडीच्या काठाखाली, सगळीकडे. फणसावर एवढ्या जुन्या काती कुठेच नव्हत्या. आणि फणसाची जी फांदी पहिल्यांदा पांढरी झाली ती याच पानांना टेकलेली होती.

या कुंड्या आणि मी एकाच दिवशी त्या घरात आलो होतो. फरक एवढाच. मला ओवाळलं, कुंड्यांना नुसतं पाणी घातलं.

आणि कुंड्या आणल्या कुणी होत्या? आत्येसासूबाईंनी. मुंबईहून, स्वतः मांडीवर घेऊन.

आता सांगा, तीन महिन्यांच्या सुनेनं हे कुणाला सांगायचं? जिच्या तोंडाची भीती तिच्याच हातानं हे आलं, असं? कोण म्हणालं असतं, बरोबर आहे? म्हणाले असते, स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलते. मी ते पान पुन्हा सुलटं केलं, हात धुतले आणि घरात जाऊन दळायला बसले. इतकं दळलं की पीठ दोन दिवस पुरलं.

चैत्रात आत्येसासूबाई आल्या. मी सकाळपासून मागचं दार लावून ठेवलं होतं, पुढून आल्या तर पुढूनच बसतील म्हणून. त्या पुढून आल्या, पाणी प्याल्या आणि लगेच म्हणाल्या, चल, आधी फणस बघू. चपला पुढच्या दारात, त्या अनवाणीच मागे गेल्या. सासूबाई त्यांच्यामागे. त्यांच्यामागे मी, कोकरासारखी.

झाडाखाली उभ्या राहून त्या वर बघत होत्या. काळी पानं, उघड्या पडलेल्या फांद्या, मधेच पांढरे झुबके. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते झाड त्यांच्या बापाच्या हातचं होतं, हे मी माझ्या भीतीत विसरले होते. हळूहळू घरात परतल्या, मधल्या घरात पाटावर बसल्या, पदर तोंडाला लावला. मग पदर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "एक बोलू का? राग मानू नका. तुम्ही आलात तेव्हा या झाडाला फळ आलं. आणि आता ही आली..."

"वन्सं," सासूबाई म्हणाल्या, "आधी मागे वळून बघा."

आत्येसासूबाई वळल्या. आम्ही तिघीही बघत होतो. त्याच सकाळी सारवलेली जमीन. मागच्या दारापासून पाटापर्यंत आत्येसासूबाईंची पावलं, रुंद, टाच दाबून टाकलेली, पांढरी. त्यांच्या शेजारून सासूबाईंची, लांबट, पांढरी. आणि भिंतीच्या कडेनं माझी, नुसते चवडे.

"या वर्षी घरात आपण सगळ्याच पांढऱ्या पायाच्या आलोय," सासूबाई म्हणाल्या. "सुनेनं एकटीनं किती पुसायचं? बसा. पाय धुवायला पाणी आणते."

आत्येसासूबाईंनी आपला तळवा वर करून बघितला. बोटानं खरवडला. मग म्हणाल्या, "चिकट आहे गे बाई." आणि तो विषय त्यांनी जन्मात पुन्हा काढला नाही.

मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे परातीत दोन कुयऱ्या ठेवलेल्या होत्या, हिरव्यागार, काटेरी, चीक गळणाऱ्या. मी बघतच राहिले. आमच्या झाडाला एक नव्हती. सासूबाई मागून आल्या, हाताला तेल लावून चिरायला बसल्या. मी विचारलं, या कुठल्या? त्यांनी मानेनं कुंपणाकडे दाखवलं. मावशींच्या वाडीच्या पार पलीकडच्या टोकाला त्यांचा फणस होता, तिथवर कीड गेली नव्हती. चाफा वाळत असलेल्या बाईनं आमच्या पाहुणीसाठी कुयऱ्या दिल्या होत्या, भेंडीच्या भोकातून.

"मी आले त्या वर्षी आपल्या रहाटाचा रेडा मेला," सासूबाई चिरता चिरता म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "आठवड्याच्या आत. माझ्या सासूनं काय केलं असेल? या मावशीच्या सासूकडून दोन कुयऱ्या आणल्या, भाजी केली आणि गावाला सांगितलं, सुनेच्या पायगुणानं फणसाला फळ धरलं. ह्या वन्सं तेव्हा एवढ्याशा होत्या. त्यांनी खाल्ली आणि गावभर केली. झाडाला खरं फळ धरलं ते पुढे."

"मग रेड्याचं?"

"रेड्याचं कुणी विचारलंच नाही. पायगुण काय पायात असतो, पोरी? सासूच्या तोंडात असतो."

मी विळीपाशी बसून रडले. त्या म्हणाल्या, रड, पण भाजीत नको, आधीच मीठ घातलंय. मग जरा वेळानं म्हणाल्या, "आणि काटा नव्हता हे मला माहीत होतं. पण खोटं बोलणाऱ्या पायाला एक चटका बरा असतो. बोकडाचाही त्यातच आला."

मला धीर आला आणि मी कुंड्यांचं सांगितलं. त्यांना माहीत होतं. त्यांनी ते पान माझ्या आधीच उलटं केलं होतं. "सावलीत मीच नेऊन ठेवल्या ना," त्या म्हणाल्या. "आणि त्यांनी हौसेनं आणल्या. आता त्यांचेही पाय काढायचे का? त्या गेल्या की जाळू."

जेवताना आत्येसासूबाईंनी दोनदा भाजी मागून घेतली. झाड आजारी असलं तरी चव गेली नाही, म्हणाल्या. आमच्या फणसाची चव म्हणजे आमच्या फणसाची, ती लपत नाही. सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाढली. मी पदर दातात धरला.

दुसऱ्या दिवशी त्या मुंबईला गेल्या आणि कुंड्या जळल्या. सासऱ्यांनी झाड मुळातून तोडलं नाही, पण पांढऱ्या झालेल्या सगळ्या फांद्या उतरवल्या आणि तिथेच पेटवल्या. उरलं ते नुसतं खोड आणि आकाशाकडे केलेले दोन हात. पुढे पावसाळाभर मी रोज सकाळी अंगारा लावावा तशी त्या खोडाला जाऊन बोट लावून बघायची, पांढरं लागतंय का. कधी लागायचं, कधी नाही. कीड गेली असं कुणी सांगू शकलं नाही. फक्त ती थांबली. का थांबली तेही कळलं नाही, आणि ज्याचं कारण कळत नाही ते पुन्हा सुरू कधी होईल हेही कळत नाही, म्हणून माझी झोप पुढेही बरेच दिवस पातळच होती. खोडाला पालवी फुटली तेव्हा तिचं एकेक पान मी उलटं करून बघितलं.

मावशींचा चाफा मात्र गेला. तो त्यांनी शेवटपर्यंत तोडू दिला नाही, आणि त्या वर्षी वेदीवर झेंडू गेला. त्या मला एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. कुणाकडून कुणाकडे गेली, ही गोष्ट त्या कुंपणावर कधी निघाली नाही.

फणसाला फळ धरायला मधे दोन चैत्र कोरडे गेले. तिसऱ्या वर्षी तीन कुयऱ्या धरल्या. तेव्हा माझा थोरला पोटात होता. आत्येसासूबाई आल्या, बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की सुनेच्या पायगुणानं मेलेला फणस उठला. विहिरीवर बायका माझ्याकडे बघून हसल्या. मी नाही म्हटलं नाही. मान खाली घालून, लाजून, तो सगळा मान मी घेतला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

त्यातली एक कुयरी मावशींची, हे आधीच ठरलं होतं. ती मी बावखलावर नेली. सोडणानं घासली, साबण लावला, धुतली, देठाशी बघितलं, काट्याकाट्यांत बघितलं, पुन्हा धुतली. माझे पायही धुतले. मग भेंडीच्या भोकातून दिली.

मावशींनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि वास घेतला.

"काय गे, साबणाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "कुयरी दिलीस की बाळंतीण न्हाऊ घालून पाठवलीस?"

"मावशी, नीट बघून घ्या," मी म्हटलं. "देठाशी बघा. तिथे लपते ती."

त्यांनी देठाशी बघितलं. मीही इकडून भोकात डोकं घालून बघितलं. काही नव्हतं. तरी आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो.